आचाऱ्यांना आवतण

गेल्या वैशाखात आमच्या आतेभावाच्या डीटीपीच्या दुकानात एका गावच्या लक्ष्मी यात्रेची पत्रिका आली होती. दुकान शहापुरात, बेळगावच्या जुन्या पेठेच्या अंगाला. पत्रिका चार पानी, निम्मी मराठी, निम्मी कन्नड. तिसऱ्या पानावर शेवटच्या दिवसाचे कार्यक्रम होते: सकाळी अभिषेक, दुपारी महाप्रसाद आणि संध्याकाळी 'महाप्रसादाच्या आचाऱ्यांचा सत्कार'. चार-चार दिवस चुलवाणापुढं उभं राहून घामाघूम झालेल्या माणसांना टॉवेल-टोपी देण्याचा कार्यक्रम तो. माझ्या हातातल्या कागदावर मात्र 'महाप्रसादाच्या आचार्यांचा सत्कार' असं उमटलं होतं.

दुकानात टायपिंग करणारी अक्का पदराआड हसत सुटली. "बघा की ओ भाऊ, भात शिजविणाऱ्यास्नी गुरुजी करून सोडलंय!"

खरी पत्रिका तोवर जुन्या आवृत्तीतून बिनचूक छापून गेली होती, हे आधीच सांगतो. नाहीतर आतेभावाच्या धंद्यावर उगाच बालंट यायचं. हा कागद तालमीचा होता. अक्काच्या मशीनवर मी एका मुक्त, म्हणजे ज्याचं कोड सगळ्यांना खुलं असतं अशा, ऑफिस पॅकेजची नवी बीटा, म्हणजे तपासायला आधीच काढलेली कच्ची आवृत्ती, बसवून दिली होती आणि तिला विनवलं होतं की दिवसभराचं काम संपल्यावर त्यातली एखादी फाईल या नव्यात उघडून बघ, जमलं तर एक कागद काढून बघ. पॅकेजचं नाव सांगत नाही. चूक कुणाच्याही हातून होते, नंतर ती दुरुस्त होते, नावाला मात्र चिकटून राहते.

मी उद्यमबागेत एका मशीन शॉपमध्ये क्वालिटीला आहे. कास्टिंग जवळच्या फाउंड्रीतून येतं, आमच्याकडं मशिनिंग होतं. सेटर जॉब लावतो, पहिला पीस काढतो आणि टॅग बांधून माझ्या टेबलावर आणून ठेवतो. मी बोअर मोजतो, फेस बघतो, होलांमधलं अंतर घेतो. गो गेज आत गेलं पाहिजे, नो-गो अडकलं पाहिजे. कागदावर रीडिंग लिहून सही केली की मग लॉट सुरू. आमचा सेटर माझ्यापेक्षा दहा पट कसबी आहे, त्याला नुसत्या आवाजावरून कळतं टूल बसलंय ते. तरी पहिल्या पिसावर त्याची सही चालत नाही. ज्यानं पीस काढलाय त्याला तो सरळच दिसतो. यात त्याचा अपमान नाही. माझ्या मुलीच्या निबंधातल्या चुका मला एका नजरेत दिसतात, माझ्या रिपोर्टातल्या दिसत नाहीत.

सॉफ्टवेअरवाल्यांच्या जगात या पहिल्या पिसाला रिलीज कँडिडेट म्हणतात. त्याच्या आधी बीटा येते, तिच्या आधी अल्फा. मुक्त सॉफ्टवेअरची गंमत म्हणजे हा पहिला पीस कुठल्या एका साहेबाच्या टेबलावर जात नाही. तो सगळ्या जगापुढं ठेवलेला असतो. कुणीही घ्यावा, आपल्या मशीनवर चालवावा आणि काय दिसलं ते कळवावं. लिब्रेऑफिस या मुक्त ऑफिस पॅकेजची मोठी आवृत्ती वर्षातून दोनदा येते, फेब्रुवारीत आणि ऑगस्टमध्ये, आणि प्रत्येक वेळी आधी काही आठवडे हा खेळ चालतो. लिनक्स या मुक्त ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्याच्या स्थिर आवृत्त्या तर जवळजवळ दर आठवड्याला निघतात. दुरुस्त्यांचा गठ्ठा आधी तपासायला ठेवतात, साधारण ४८ तासांची मुदत देतात, आणि त्या अवधीत ज्यांनी आपल्या मशीनवर चालवून 'माझ्याकडं ठीक आहे' असं कळवलं, त्यांची नावं त्या आवृत्तीच्या नोंदीतच 'तपासलं' म्हणून कायमची बसतात. अपाची फाउंडेशन या मुक्त सॉफ्टवेअर सांभाळणाऱ्या संस्थेच्या प्रकल्पांत तर रीतसर मतदान होतं. किमान ७२ तास मतदान उघडं ठेवायचं, निदान तीन बंधनकारक 'अधिक एक' मतं पडली पाहिजेत, आणि अधिकची मतं उण्यांपेक्षा जास्त असली पाहिजेत. नकाराधिकार कुणालाच नाही.

हे मी आतेभावाला एकदा चहाच्या टपरीवर सांगत होतो. ७२ तासांत निकाल, हे ऐकून त्यानं बशी खाली ठेवली. "आमचा सीमाप्रश्नाचा दावा २००४ पासून सुप्रीम कोर्टात पडलाय गा. त्यांनाच विचारून बघ, आमचाबी घेतात काय."

मग त्याला बंधनकारक मताची भानगड समजावून सांगितली. प्रकल्पाच्या समितीवर जे आहेत त्यांचं मत मोजलं जातं. बाकी कुणीही तपासून मत देऊ शकतं, दिलेलं आवडतंही, पण ते बंधनकारक नसतं. तो म्हणाला, मग ते काम आपल्याला जमेल, मत द्यायचं आणि ते कुणाला बंधनकारक नसायचं, ही सवय आपल्याला १९५६ पासून आहे. गंमत बाजूला ठेवली तर त्याच्या बोलण्यात एक गोष्ट राहून गेली होती. समितीवरची माणसं हे बिनबंधनाचं मत वाचतात. त्यात पकडण्यासारखं काही असेल तर बंधनकारक मतवाला स्वतःचं मत फिरवतो. दम असतो तो मताबरोबर लिहिलेल्या रीडिंगमध्ये.

नवीन माणसाला हे समजावणं सगळ्यात अवघड जातं. 'ओके' एवढंच लिहून आलेला रिपोर्ट आमच्या शॉपमध्ये मी परत पाठवतो. किती आलं ते लिही. ५०.०१ आलं का ५०.०२? कुठल्या गेजनं मोजलं? इथंही तसंच आहे. 'चांगलं चालतंय' एवढ्यानं कुणाचं काही भागत नाही. 'उबंटू चोवीस-चार, चार जीबी रॅम, आठ पानांची जुनी फाईल उघडली, तक्ता जागेवर राहिला, पीडीएफ काढली, मराठी नीट आलं' एवढं लिहिलं की ते रीडिंग झालं. काहीही बिघडलेलं नसलं तरी त्याची किंमत आहे. मला सुरुवातीला वाटायचं की चूक सापडली तरच कळवायचं, नाहीतर आपण रिकाम्या हातानं कशाला जायचं. मग एके दिवशी लक्षात आलं, मी कारखान्यात पगार घेतो तो नव्वद टक्के वेळा 'बरोबर आहे' लिहिण्याचाच.

तपासायचं म्हणजे काय काय, तेही सांगतो, कारण बहुतेकांना वाटतं यासाठी प्रोग्रॅमिंग यायला पाहिजे. काही कामांना पाहिजेही. उतरवलेल्या फाईलचा चेकसम, म्हणजे तिच्यावरून काढलेला ओळखीचा आकडा, जाहीर केलेल्याशी जुळतो का, तिच्यावरची डिजिटल सही खरी आहे का, हे दोन आज्ञांचं काम आहे. आम्ही कास्टिंगवरचा हीट नंबर कागदावरच्या नंबराशी ताडून बघतो तसं. मूळ कोडातून सगळं नव्यानं बांधून बघणं जरा वरच्या पायरीचं. परवान्याची फाईल आत आहे का, दुसऱ्याचं कोड घेतलं असेल तर त्याचा उल्लेख आहे का, हे तर नुसतं वाचण्याचं काम. आणि सगळ्यात मोठं काम म्हणजे रोजचं आपलं जे काही आहे ते या नव्या पिसावर करून बघणं. त्याला काहीच यावं लागत नाही. रोजचं काम असावं लागतं, एवढंच.

२०२४ च्या मार्चमधली गोष्ट या धंद्यातल्या प्रत्येकाला पाठ आहे. एक्सझेड नावाचं फाईल दाबून लहान करायचं साधन. दिसायला किरकोळ, पण लिनक्सच्या असंख्य मशीनांत बसलेलं. ते वर्षानुवर्षं मुख्यतः एकच माणूस सांभाळत होता, लासे कॉलिन, तोही फावल्या वेळात. जिआ तान या नावानं कुणीतरी मदतीला आलं, दोनेक वर्षं चोख काम केलं, विश्वास कमावला. दरम्यान आणखी काही नावं पुढं येऊन कॉलिनवर दबाव टाकत होती, काम फार मंद चाललंय म्हणून. शेवटी आवृत्ती काढायचा अधिकार त्या मदतनिसाकडं गेला आणि ५.६.० व ५.६.१ या आवृत्त्यांतून चोरदरवाजा बाहेर पडला. तो उघडणारी एक किल्ली सगळ्यांना दिसणाऱ्या कोडात नव्हतीच. वाटपासाठी बांधलेल्या गठ्ठ्यात तेवढी घातली होती.

म्हणजे ड्रॉइंग बरोबर होतं, पीस वेगळा होता. मी आमच्या पोरांना सांगतो ना, ड्रॉइंगवर कितीही नजर टाका, शेवटी पीस हातात घेऊन मोजावा लागतो, ते हेच.

सापडलं कसं? आंद्रेस फ्रॉइंड नावाचा पोस्टग्रेस डेटाबेसवर काम करणारा माणूस डेबियन या लिनक्सच्या एका प्रकाराच्या अस्थिर शाखेवर, म्हणजे अजून पक्क्या न झालेल्या आवृत्तीवर, वेगळंच काहीतरी मोजत होता. लॉगिन करताना अर्धा सेकंद जास्त लागतोय असं त्याच्या लक्षात आलं. अर्धा सेकंद! दुसरा असता तर म्हणाला असता, मशीन जुनं झालंय. तो मागं लागला, आणि २९ मार्चला सगळ्या जगाला कळलं. डेबियनची अस्थिर शाखा, फेडोराची बीटा, ओपनसुसेची टंबलवीड, अशा लिनक्सच्या वेगवेगळ्या ताज्या आवृत्त्यांत तो माल पोचला होता. सर्वसाधारण माणसं वापरतात त्या डेबियनच्या स्थिर आवृत्तीत पोचायच्या आत पकडला गेला. कच्च्या मालावर आपलं काम करणारी माणसं मध्ये होती म्हणून हे जमलं.

ही गोष्ट मी स्वयंसेवक गोळा करताना हटकून सांगायचो, आणि एकदा एका चुणचुणीत मुलीनं मला गप्प केलं. ती म्हणाली, "पण सर, तो जिआ तानपण स्वयंसेवकच होता की." खरं आहे. नुसतं 'या, या' म्हणून भागत नाही. एकटा दमलेला माणूस आणि त्याच्या मदतीला आलेला एकच माणूस, हीच तर तिथली गोची होती. येणारे दहा असते, एकमेकांचं काम बघणारे, तर त्या दोन वर्षांच्या गोडव्याला एवढं मोल आलं नसतं. त्या मुलीला मी हे उत्तर तेव्हा दिलं नाही. तेव्हा मी 'चांगला प्रश्न' म्हणून पुढं सरकलो होतो. उत्तर मला घरी येताना स्कूटरवर, काँग्रेस रोडला सुचलं.

ती सभा एका इंजिनिअरिंग कॉलेजातली. नाव राहू दे. विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठाचं मुख्यालयच आमच्याकडं मच्छेला, त्यामुळं कॉलेजांची वाण नाही. चाळीसेक मुलं जमवली, प्रोजेक्टर लावला, मुक्त सॉफ्टवेअरचं तत्त्वज्ञान, स्वातंत्र्य, सहभाग असं पाऊण तास बोललो. शेवटी म्हटलं, "तुम्ही सगळे यात भाग घेऊ शकता." मुलांनी टाळ्या वाजवल्या. मग एकानं विचारलं, सर्टिफिकेट मिळणार का. दुसऱ्यानं विचारलं, यातून प्लेसमेंटला फायदा होतो का. प्रश्न वाजवी होते, मलाच राग आला. पुढच्या बीटाला त्या चाळिसातून किती आले? माझा भाचा. तोही घरचा म्हणून.

भाच्याचं प्रकरण मला अजून लागतं. पोरानं मनापासून बीटा बसवली, दोन रात्री बसून एक दोष शोधला. तक्त्यात कन्नड मजकूर लिहिला की ओळीची उंची वाढते आणि खालची ओळ कापली जाते. त्यानं इंग्रजीत जमेल तशी नोंद केली, चित्रं जोडली. दहा दिवस काहीच नाही. मग एका ओळीचं उत्तर आलं की आमच्याकडं असं होत नाही, आणि नोंद बंद. पोरगं माझ्याकडं आलं नाही, रागावलं नाही, काही नाही. गप झालं. पुढच्या वेळी विचारलं तर म्हणाला, "मामा, परीक्षा आहे." परीक्षा नव्हती.

उत्तर देणाऱ्याचीही चूक म्हणणार नाही मी. त्याच्यापुढं तसल्या शेकडो नोंदी पडलेल्या असतात आणि तोही कुठंतरी रात्री जागून फुकटच काम करत असतो. चूक माझी होती. मी पोराला दारापर्यंत सोडलं आणि परत फिरलो. आत कुणीतरी ओळखीचं बसलेलं पाहिजे, निदान 'बस रे, पाणी घे' म्हणणारं. लिब्रेऑफिसची पद्धत मला यासाठी बरी वाटते. तिथं नवी नोंद आली की ती 'पुष्टी नाही' या खान्यात पडते, आणि दुसऱ्या कुणीतरी आपल्या मशीनवर तेच करून बघून 'होय, माझ्याकडंही होतंय' म्हटलं की पुढं सरकते. ही पुष्टी करायला कसलाही अधिकार लागत नाही. तेव्हापासून मी स्वतः नवे दोष शोधणं जवळजवळ सोडलं. रविवारी सकाळी बसतो आणि दुसऱ्यांच्या नोंदी करून बघतो, कुठल्याही प्रकल्पाच्या असोत. देवनागरीच्या, कन्नडच्या, तेलुगूच्याही. कोण कुठला माणूस, गुंटूरचा का काठमांडूचा, मला ठाऊक नाही, पण त्याची नोंद दहा दिवस उपाशी बसू नये.

आमच्याकडं शिवजयंतीला चित्ररथांची मिरवणूक निघते, रात्र रात्र चालते. गल्लीतली पोरं पंधरा दिवस कामावरून येऊन ट्रॉलीवर गड उभे करतात, जनरेटरची सोय करतात, मावळ्यांच्या दाढ्या चिकटवतात. कुणी पैसे मागत नाही, सर्टिफिकेट तर सोडाच. मी बराच विचार केला की हे इथं जमतं आणि माझ्याकडं का जमत नाही. देवभक्ती, शिवभक्ती, सगळं मान्य. पण मला आठवतं, मी नववीत असताना मंडळाचा अध्यक्ष आमच्या दारात आला होता. आईला म्हणाला, "वहिनी, तुमच्या पोराला धाडा की. वायरी धरायला पोरगं पाहिजे." स्वयंसेवक पाहिजेत असं म्हणाला नाही. वायरी धरायला, आणि ते पोरगं म्हणजे मी. त्या वर्षी मी वायरी धरल्या, पुढच्या वर्षी फोकस लावले.

गावाकडं आवतण देतात तेही असंच. फळ्यावर 'सर्वांना आग्रहाचं निमंत्रण' लिहिलेलं असतं, त्यावर कोण जातं? आवतण द्यायला घरी माणूस यावा लागतो. आणि चूलबंद आवतण असेल तर त्या दिवशी घरात चूल पेटत नाही, लहानथोर सगळे जेवायला. नव्या आवृत्तीच्या घोषणेत 'तपासणीसाठी सर्वांचं स्वागत' असं लिहितात तो झाला फळा. त्यात कुणाची चूक काढता येत नाही आणि त्यानं कुणी येतही नाही.

तर मी अक्काकडं गेलो ते असं. दुकानात बसलो, तिचं काम बघितलं. अक्का येळ्ळूरची. वीस-एक वर्षं टायपिंग करतेय. मॉड्युलरच्या श्रीलिपी या टायपिंगच्या सॉफ्टवेअरवर शिकली, मग कन्नड कामासाठी नुडी शिकली, मग युनिकोड, म्हणजे सगळ्या लिप्यांच्या अक्षरांना सगळीकडं एकच क्रमांक द्यायची पद्धत, आलं तेव्हा जुन्या फाईली नव्यात ओतायचं किचकट काम तिनंच केलं. एका ओळीत मराठी आणि कन्नड लिहिताना तिला कीबोर्ड बदलल्याचं भानही नसतं. २०२४ मध्ये फलकांवर साठ टक्के कन्नडचा कायदा आला तेव्हा दोन महिने तिची मान वर नव्हती. सगळ्या पेठेचे जोडफलक तिच्या हातून गेले. राजकारण काय म्हणायचं ते म्हणू दे, जगात दोन लिप्यांची एवढी मिसळ रोज टाईप करणारी माणसं फार नसतील. कुठल्याही प्रकल्पाच्या चाचणीच्या फायलीत असली ओळ नसते, कारण ती सुचायला इथं राहावं लागतं.

मजा म्हणजे संगणकाला सीमाप्रश्न माहीत नाही. भाषा निवडताना 'मराठी, भारत' एवढंच येतं. आत खूण असते भाषेची आणि देशाची, राज्याचा रकानाच नाही. अक्काचं मशीन मराठीही भारतातलं समजतं आणि कन्नडही, बस.

मी म्हटलं, "अक्का, एक काम हाय. रोज संध्याकाळी पंधरा मिनिटं. तुमच्याच आजच्या फाईली ह्या नव्यात उघडायच्या, आणि वेगळं काय दिसलं तर मला दाखवायचं. लिहायचं-बिहायचं मी बघतो."

तिनं विचारलं, "पैसे?"

नाहीत, म्हटलं. माझ्या मनातही हा प्रश्न बोचत होता आणि अजून बोचतो. याच मुक्त सॉफ्टवेअरवर मोठमोठ्या कंपन्या उभ्या आहेत, कोट्यवधी कमावतात. आणि पानामागं मजुरी मिळवणाऱ्या बाईला मी फुकट तपासणी करायला सांगतोय. हे न्यायाचं आहे असं मला सांगता येत नाही. कंपन्यांनी माणसं नेमून हे काम करावं, काही करतातही. पण अक्काच्या ओळी तपासायला कुठली कंपनी येळ्ळूरच्या बसथांब्यावर येणार? अक्कानं माझ्या घोळावर पडदा टाकला. म्हणाली, "माझ्याच फाईली न्हवं? मग बघते की. उद्या हेच सगळीकडं आलं आन् माझं काम मोडलं तर रडणार मीच." माझं पाऊण तासाचं भाषण तिनं दोन वाक्यांत पुरं केलं.

पाचव्या दिवशी ते आचार्य निघाले.

आता थोडं किचकट आहे, पण सगळी मजा त्यातच आहे. आचार्य लिहिताना र चा रफार होतो, य च्या डोक्यावर बसतो. आचाऱ्यांमध्ये तो डोक्यावर जात नाही, य च्या डाव्या अंगाला छोट्या शेपटीसारखा चिकटतो. दर्या आणि दऱ्या यांच्यात तोच फरक. एकात समुद्र, एकात डोंगराची घळ. ही शेपटी मराठीला रोज लागते. युनिकोडात ती दोन तऱ्हांनी येते. एक, खाली टिंब असलेला वेगळा ऱ घ्यायचा आणि त्याला हलंत द्यायचा. दोन, साधाच र, हलंत, आणि त्यामागं एक अदृश्य जोडक. कागदावर दोन्ही हुबेहूब सारखे दिसतात.

मी घरी येऊन माझ्या मशीनवर करून बघितलं. आचाऱ्यांचे आचारीच राहिले. तीनदा केलं. आणि मी, एवढं भाच्याचं दुःख गाऊन बसलेला माणूस, मनात म्हणालो की अक्काचीच काहीतरी टायपिंगची चूक असणार. 'आमच्याकडं असं होत नाही' हे वाक्य माझ्या तोंडात तयार होतं.

दुसऱ्या दिवशी कामावरून थेट शहापूर. म्हटलं, अक्का, तुम्ही परत करा, मी फक्त बोटं बघतो. तिनं जुनी फाईल उघडली, मजकूर उचलला, नव्यात चिकटवला. चिकटवताच आचार्य. माझा कीबोर्ड टिंबवाला ऱ देतो. तिच्या जुन्या फाईली दुसऱ्या तऱ्हेच्या, जोडकाच्या. नव्या आवृत्तीत कुणीतरी चांगल्या हेतूनं सोय केली होती, बाहेरून आणलेला मजकूर चिकटवताना त्यातली अदृश्य अक्षरं झाडून टाकायची. जोडक केराबरोबर गेला, र डोक्यावर चढला, आचारी आचार्य झाले.

पण मला हे तिथंच कळलं असं नाही. मी आपला फॉन्टला दोष देत बसलो होतो. अक्का म्हणाली, "फॉन्ट कशानं? कन्नडबी मोडलंय की." आणि तिनं एका क्लासचा फ्लेक्स उघडला, दहावीच्या पोरांचा, फोटोखाली कन्नडात 'रँक' लिहिलेला. कन्नडात जोडाक्षरात आधी आलेला र, म्हणजे अर्कावत्तु, नेहमी अक्षराच्या उजव्या बाजूला मागून बसतो. पण रँक, रॅली असल्या शब्दांत र पुढं उभा राहून य त्याच्या पायाशी यावा लागतो, आणि त्यासाठी तिथंही तोच अदृश्य जोडक लागतो. नव्या आवृत्तीत य पुढं आला होता आणि अर्कावत्तु त्याच्या शेपटीला. "र्यांक," अक्कानं वाचून दाखवलं. "पोरगं पयलं आलंय का शेवटी, कळालंय काय?"

दोन लिप्या, दोन वेगळे फॉन्ट, आणि मोडलं दोन्हीत एकच. म्हणजे फॉन्ट नाही, जोडक. मराठीच येणाऱ्याला हे दिसलं नसतं, कन्नडच येणाऱ्यालाही नाही.

त्या रात्री नोंद लिहिली. कुठलं मशीन, कुठली आवृत्ती, कुठल्या कळा, कुठून उचललं, कुठं चिकटवलं, सगळं. मजकुरातल्या प्रत्येक अक्षराचा युनिकोड क्रमांक लिहिला, कारण दिसायला दोन्ही आचारी सारखेच. 'जुन्या आवृत्तीत होत नाही' हेही. अक्कानं सांगितलं म्हणून दोन्ही लिप्यांच्या छोट्या फायली जोडल्या. नोंद करणाऱ्याच्या रकान्यात तिचं नाव घातलं. तिला विचारलं होतं, ती म्हणाली, "घाला की. कोण बघालंय?" आणि मग भाच्याला फोन केला. म्हटलं, तुला अभ्यासातून पंधरा मिनिटं काढता येतील का, एक गोष्ट फक्त करून बघायची आहे, होतंय का नाही ते सांगायचं. त्याचं मशीन वेगळं, विंडोजवालं. अर्ध्या तासात त्यानं पुष्टी टाकली. खाली एक वाक्य जास्तीचं लिहिलं होतं: फाईल उघडताना होत नाही, चिकटवतानाच होतं. ते माझ्या लक्षात आलं नव्हतं.

चौथ्या दिवशी उत्तर आलं. कारण सापडलं, दुरुस्ती केली, पुढच्या बीटात बघा आणि कळवा.

पुढची बीटा आली तो शुक्रवार होता. दुकानात गेलो तर वीज नव्हती. अक्का दारात बसून वाऱ्याला पत्रिकेचा पुठ्ठा हलवत होती. साडेसातची येळ्ळूरची बस होती तिची. सव्वासातला वीज आली. मी बसवायला सुरुवात केली, तिनं पर्स खांद्याला लावूनच जुनी फाईल काढली. उचललं, चिकटवलं. 'महाप्रसादाच्या आचाऱ्यांचा सत्कार'. शेपटी जागेवर. मी खुर्चीवरून जवळजवळ उठलोच. आतेभाऊ काउंटरवरून ओरडला, "झालं काय गा?"

"थांबा की जरा," अक्का म्हणाली. तिनं क्लासचा फ्लेक्स उघडला. उचललं, चिकटवलं.

र्यांक.

मराठीत जोडक हलंताच्या मागं येतो, कन्नडात हलंताच्या आधी. दुरुस्ती करणाऱ्यानं मागचा सांभाळला होता, आधीचा पुन्हा केरात गेला होता.

"निम्मंच झालंय की ओ," अक्का म्हणाली. घड्याळाकडं बघितलं, पर्स खाली ठेवली, आणि कीबोर्ड माझ्या पुढ्यातून स्वतःकडं ओढून घेतला. "कुठं लिहायचं असतंय, दाखवा मला. आठची बस बी हाय."